दोन किल्ल्यांची चौकट

४ मार्च

चिरंजीव बंधुराज यांस,

ताईचे आशीर्वाद. हवे असतील तर ठेवून घे, नको असतील तर परत पाठव, टपालखर्च तुझा.

माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस आणि मेल उघडत नाहीस, म्हणून कागद-पेन घेऊन बसले आहे. हाताने इतकं लिहायची सवय राहिलेली नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. पत्ता आईकडून काढला. तूच सांग त्याला, असं मी तिला म्हटलं होतं, तर म्हणाली, "मी तुमची टपालवाली नाही. दोघांना वाढवलं तेवढं पुष्कळ झालं."

कामाचं बोलते. आपल्या चौकटीत भोक सापडलंय.

पोहण्याच्या तलावावर सहा वर्षं क्लोरीन मोजून चौकट म्हणजे काय ते विसरला असशील, म्हणून सांगते. वेबसाइट बांधायचा तो तयार सांगाडा, जो तू आणि मी माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहिला. लोक त्याच्यावर आपापली दुकानं थाटतात. दवाखाने, वाचनालयं, लग्न जुळवणारे, चपला विकणारे, सगळे. आणि त्यातला 'निरोप' नावाचा भाग, तो तरी आठवतो ना? काम झालं की पुढच्या पानावर वरती पट्टी येते, 'तुमची नोंद झाली', 'तुमचे पैसे मिळाले'. तर हे निरोप आता भलत्याच माणसांना दिसतायत.

शोधलं एका गृहस्थाने. लोकांच्या दारांची कुलुपं हलवून बघायची आणि उघडलं तर नम्रपणे कळवायचं, हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. मी त्याला कुलूपहलव्या म्हणते, अर्थात मनात. त्यांच्यात रिवाज असा आहे की ते आपल्याला एक मुदत देतात आणि मुदत संपली की सगळं जगजाहीर करून टाकतात, म्हणजे आपल्यासारखे ढिम्म लोक हलतात. आपली मुदत तीस एप्रिल. तोपर्यंत दुरुस्त केलेली आवृत्ती बाहेर पडली नाही, तर भोक कुठे आहे ते जगातल्या प्रत्येक भुरट्याला पत्त्यासकट कळेल. तोवर फोनवर, मेलवर अवाक्षर काढायचं नाही असं त्याने बजावलंय.

आता अडचण. नवी आवृत्ती काढायची तर तुझी किल्ली आणि माझी किल्ली एकाच वेळी मशीनला लावावी लागते. ही अक्कल आपणच लढवली. रागाच्या भरात मी तुझा भाग उडवला, तू माझा उडवलास, आणि तुझे दाजी मधे पडून म्हणाले, बँकेच्या लॉकरसारखं दोन किल्ल्यांचं करा. दात उपटणाऱ्या माणसाचं ऐकलं, आता भोगतोय. जाताना तू मशीनमध्ये खुपसायची ती बोटभर किल्ली तुझ्या जुडग्यात अडकवून घेऊन गेलास.

त्यानंतर आपली एकही आवृत्ती निघालेली नाही. जगाला वाटतं ही आपली तत्त्वनिष्ठा. मागच्या वर्षी एका परिषदेत मला 'सर्वांत स्थिर चौकट' म्हणून मानचिन्ह दिलं आणि भाषण करायला लावलं. मी 'बदल कमी, विश्वास जास्त' या विषयावर भरपूर बोलले. पुढच्या रांगेतले लोक लिहून घेत होते. माझं भावाशी बोलणं बंद आहे, हे तिथे कुठे सांगत बसू.

तर किल्ली घेऊन ये. माझं काही अडलेलं नाही, लोकांचं अडलंय.

कळावे. लोभ नसला तरी उत्तर असावे.

ताई

१६ मार्च

अरे गाढवा,

पोस्टकार्ड? उघडं पोस्टकार्ड? 'माझा भाग बरोबर आहे. निरोपाचं भोक तुझ्या भागात शोध.' मी तुझ्या दाजींनासुद्धा धड सांगितलं नव्हतं आणि तू अख्ख्या टपालखात्याला सांगून मोकळा झालास. ते कार्ड खालच्या पत्रपेटीवर उघडं पडलं होतं. जिन्यात वरच्या मजल्यावरचे काका भेटले, म्हणाले, "काय, सापडलं का भोक?" त्यांना वाटतंय पाण्याच्या टाकीला आहे. मी हो म्हटलं. आता ते त्यांच्या मेहुण्याला पाठवणार आहेत, तो टाक्या दुरुस्त करतो म्हणे.

तुझा भाग बरोबर आहे. माझाही बरोबर आहे. मेख तिथेच आहे, जरा नाक खाली करून वाच.

साइटवर माणूस आला की तुझा भाग त्याला एक खुर्ची देतो. माणूस उठला की खुर्ची लगेच पुढच्याला. काटकसर हा तुझा जुना आजार. माझा भाग त्याचा निरोप खुर्चीवर ठेवतो आणि कुणीतरी वाचेपर्यंत तिथून हलवत नाही. आता समज, माणूस निरोप न वाचताच निघून गेला. तुझा भाग म्हणतो, खुर्ची रिकामी झाली, चला, पुढचे या. माझा भाग म्हणतो, निरोप अजून वाचलेला नाही, राहू दे. आणि पुढचा येतो तो सरळ दुसऱ्याच्या निरोपावर बसतो. भोक पहिल्यापासूनचं, पण आता साइटवर गर्दी वाढली, खुर्च्या भराभर फिरतात, म्हणून आत्ता उघडं पडलं. कुलूपहलव्याने दुसरं काही केलं नाही, तो एका साइटवर दिवसभर नुसता उठत-बसत राहिला आणि परक्या लोकांचे ढीगभर निरोप त्याने गोळा केले. त्याच्या जागी एखादा बदमाश असता तर कुणाच्या तपासणीत काय निघालं हे सगळं त्याच्या खिशात गेलं असतं.

तुझ्या दाजींच्या दवाखान्याची साइटही आपल्याच चौकटीवर आहे, नातेवाईक म्हणून फुकट. परवा एक कॉलेजातला मुलगा आईला बरोबर घेऊन आला. त्याला निरोप आला होता, 'तुमची कवळी तयार आहे, येताना जुनी आणावी.' पोराचे बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर. त्याची आई दाजींना विचारत होती की आमच्यापासून काय लपवताय. ज्या आजोबांची कवळी होती ते घरी आठवडाभर पेज पीत वाट बघत बसले.

आपल्या आईचं ऐक. तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मोठ्या रुग्णालयाच्या साइटवर नाव घातलं, तर वरती पट्टी, 'अभिनंदन. तुमच्या बाळाच्या सोनोग्राफीची वेळ ठरली आहे.' आईने चष्मा पुसून दोनदा वाचलं. मग म्हणाली, "या वयात आता मला झेपायचं नाही. पण शेंडेफळाला कळवा, म्हणावं तुझी जागा गेली." बागेतल्या सगळ्या मैत्रिणींना सांगून आली आहे. तिथे तिचा भाव एकदम वधारलाय.

हसलास ना? मीही हसले. पण त्या कुठल्याशा बाईला आपली तारीख कळलीच नाही, हे नंतर डोक्यात आलं.

दुरुस्तीचा कोड कागदावर छापून सोबत जोडलाय. बघ आणि सांग. पाकिटात घालून सांग.

ताई

२ एप्रिल

चिरंजीवास,

तुझं बाड मिळालं. कागद असे लाल करून पाठवलेस की दाजींना वाटलं कुणाच्या दाढेचं रक्त सांडलं. पहिल्या पानावर, 'ओळीच्या सुरुवातीला चार मोकळ्या जागा हव्यात, तीन आहेत.' छापील कागदावर पट्टी लावून मोजलंस का रे? दुसऱ्या पानावर, 'हे असलं नाव कुणी ठेवलं?' मी ठेवलं. तिसऱ्यावर नुसतं 'अरेरे'. जग सगळं स्क्रीनवर तपासतं, आपण एकटेच टपालाने तपासतोय, आणि कागदांना तलावाचा वास येतोय. टेबलावर पसरले तर आई म्हणाली, "फरशी कशाने पुसलीस?"

पण चौथ्या पानावरचं तुझं म्हणणं पटलं. मी नुसती खुर्ची झटकून द्यायला निघाले होते. तू म्हणतोस, निरोप खुर्चीवर ठेवायचाच नाही, ज्याचा आहे त्याच्या हातात द्यायचा, म्हणजे माणूस गेला की निरोपही त्याच्याबरोबर जाईल. तुझी ओळ जशीच्या तशी घेतली. बरोबर आहे म्हणून घेतली, तुझी आहे म्हणून नाही. दहा वेळा चालवून बघितली, कुणाचा निरोप कुणाला जात नाही.

म्हणजे दुरुस्ती तयार आहे. फक्त किल्ली हवी. आणि त्यावर तू लिहितोस काय, तर 'नियम चौथा, किल्ली टपालाने पाठवू नये, मालकाच्या हातातून सुटू नये.' नियम तूच लिहिलेला, मला तोंडपाठ आहे. त्याच्याखाली लिहितोस, 'त्या घरात मी पाय ठेवणार नाही.' मग किल्ली काय पोहत येणार आहे? मी तुझ्याकडे आले असते, पण किल्ल्या लावून सही करायचं ते मशीन इथून हलवायचं नाही हा नियम पाचवा, तोही तुझाच. स्वतःभोवती इतकी कुंपणं घालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि त्या घरात पाय का ठेवायचा नाही? लोकांची भावंडं जमिनीवरून भांडतात, दागिन्यांवरून भांडतात, ते निदान चारचौघांत सांगता येतं. आपण भांडलो ती निरोपाची पट्टी किती वेळ दिसावी यावरून. मी म्हणत होते, वाचणारा स्वतः मिटवेपर्यंत राहावी. तू म्हणत होतास, जरा दिसून आपोआप जावी, माणसाला सारखं काहीतरी मिटवायला लावू नये. आईला आजतागायत भांडणाचं कारण कळलेलं नाही. शेजाऱ्यांना ती सांगते, हिस्सेवाटणी झाली. ते जास्त बरं दिसतं म्हणे.

त्यानंतर एक दिवस उठून बघते तर तुझी खोली रिकामी. एक चिठ्ठी नाही. मला राग आला, तो अजून आहे, आणि तो मी सोडणार नाही. पण रागापेक्षा वाईट जास्त वाटलं होतं. कितीतरी दिवस टेबलावर दोन कप काढत होते. हे तुला तोंडावर कधी म्हटलं नसतं, तू समोर नाहीस म्हणून लिहिते.

कुलूपहलव्या दर आठवड्याला प्रेमाने आठवण करतो. या वेळी त्याने विचारलंय की सहा वर्षं एकही आवृत्ती न काढण्यामागे काही तत्त्व आहे का. मी कळवलं, आहे, कौटुंबिक आहे.

ताई

१७ एप्रिल

प्रिय बंधू,

आज चेष्टा नाही.

काल आईचं ऑपरेशन होतं. सकाळपासून पोटात काही नाही, डोळ्यात थेंब घातलेले, हातात माझा हात. रुग्णालयात पोचलो तर खिडकीतली बाई म्हणते, डॉक्टर आजारी आहेत, तुमची तारीख पुढे गेली, तसा निरोप दिला होता. मी म्हटलं, आम्हाला काही आलं नाही. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. 'निरोप वाचला' असं तिथे लिहिलेलं. कुणीतरी वाचला होता खरा.

तो वाचला होता एका गृहस्थांनी. त्यांना वाटलं आपलीच तारीख पुढे गेली, म्हणून ते निवांत घरी बसले. त्यांचं काम हृदयाचं होतं. आतून माणसं फोनवर फोन करत होती आणि ते उचलत नव्हते, कारण ते झाडांना पाणी घालत होते. दुपारी त्यांचा जावई त्यांना घेऊन आला. उशीर झाला, पण निभावलं. निभावलं म्हणून मी हे लिहू शकते आहे.

त्या खिडकीतल्या बाईला सगळे बोलत होते. जावई बोलला, डॉक्टर बोलले, आईसुद्धा बोलली, कारण तिला भूक लागली की तिचं तोंड सुटतं. त्या बाईची काडीची चूक नव्हती आणि हे त्या अख्ख्या दालनात फक्त मला माहीत होतं. मी मूग गिळून उभी राहिले. निरोपाची सोय बंद ठेवा असं सगळ्यांना कळवावं, तर का ते सांगावं लागतं, आणि सांगितलं की चोरांनाही कळतं. बाहेर आल्यावर आईने विचारलं, "तुझा चेहरा का पडलाय? उपाशी तर मी आहे." 

मुदत जवळ आली. कुलूपहलव्याला थोडी वाढवून मागितली, तर तो म्हणाला, तुमच्याकडे दुरुस्ती तयार आहे असं तुम्हीच लिहिलंय, मग थांबायचं कशासाठी? त्याचं काय चुकलं. आज अपघाताने होतंय ते उद्या लोक ठरवून करतील. कुणीतरी त्या रुग्णालयात उठत-बसत राहील आणि कुणाला काय झालंय ते चव्हाट्यावर मांडेल.

अडला हरी, गाढवाचे पाय धरी. धरते. यातला हरी कोण आणि गाढव कोण, त्यावर आपण नंतर सावकाश भांडू. मी स्वयंपाकघरातून बाहेर येणार नाही, तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही, तू किल्ली लाव आणि चहा न घेता जा. पण ये.

तुझी ताई

४ मे

शेंडेफळा,

तुझा खोका अठ्ठावीस तारखेला सकाळी आला. आत पोहायच्या चष्म्याची डबी, डबीत रबरी टोपी, टोपीत मोजा, मोज्यात किल्ली आणि किल्लीला गुंडाळलेली एक चिठ्ठी. मोजा धुतलेला नव्हता. एवढी राखण केल्यावर कुठला चोर हात घालणार होता.

चौथा नियम तू मोडलास. तूच लिहिलेला, तूच मोडलास, आणि तो कशासाठी मोडलास ते मला कळलं. ते हृदयाचं वाचून तू खोका बांधायला घेतलास ना? अक्षरावरून कळतं, पत्ता इतका वाकडातिकडा तू कधी लिहीत नाहीस. आभार मानत नाही, आपल्यात ती पद्धत नाही. पण तो वाकडा पत्ता वाचून मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

दोन्ही किल्ल्या लावल्या. मशीनने विचारलं, 'प्रसिद्ध करायचं?' सहा वर्षांत त्याने मला काही विचारलं नव्हतं, त्यामुळे मी उगाच साडी सारखी केली. बटण दाबलं. संध्याकाळपर्यंत रुग्णालयाने नवी आवृत्ती घेतली, मग वाचनालयांनी, मग चपलावाल्यांनी. तुझ्या दाजींनी सगळ्यांत शेवटी घेतली, तेही मी त्यांच्या डोक्यावर उभी राहिले तेव्हा. तीस तारखेला कुलूपहलव्याने ठरल्याप्रमाणे जाहीर केलं, पण तोवर भोक बुजलेलं होतं. जाहीर करायच्या कागदात 'दोषाचं कारण' असा रकाना असतो. त्यात काय लिहू म्हणून त्याने मला विचारलं. मी लिहिलं, 'दोन भाग एकमेकांशी बोलत नव्हते.' तो म्हणाला, इतकं नेमकं कारण त्याला आजवर कुणी लिहून दिलेलं नाही. त्या खिडकीतल्या बाईलाही मी जाऊन सांगून आले की चूक आमची होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मला रांगेत मागे उभं राहायला सांगितलं.

लोकांच्या तऱ्हा बघ. एवढी मोठी दुरुस्ती दिली तर पत्रं काय येतायत? 'सहा वर्षांनी एकदम बदल? अशी काय घाई होती?' एकाने मानचिन्ह परत मागितलंय. दुसऱ्या बाजूने मागण्यांचा पूर आलाय. आवृत्ती निघू शकते हे कळल्यावर प्रत्येकाला काहीतरी हवं आहे. मी बरंचसं लिहूनही टाकलं आहे, आणि तुझी ती आपोआप जाणारी पट्टीही त्यात घातली आहे. ज्याला हवी त्याने आपोआप जाणारी घ्यावी, ज्याला हवी त्याने राहणारी घ्यावी. हे आपल्याला तेव्हा सुचलं नाही, कारण आपण दोघंही नाकाने कांदे सोलत होतो.

आईचं ऑपरेशन झालं. आता तिला लख्ख दिसतं, त्यामुळे घरातली जळमटं मोजत फिरते. पट्टी सोडल्यावर माझ्याकडे बघून पहिलं वाक्य म्हणाली, "तू कधी एवढी म्हातारी झालीस?" तुलाही बघायचं म्हणते. तयारीने ये.

आता तुझ्या त्या चिठ्ठीचं. 'दोन्ही किल्ल्या तुझ्याकडे ठेव. यापुढे तुला माझी गरज पडणार नाही.' तुझ्या डोक्यात हे काय शिरलं? मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. सहा वर्षं हेच तर मागत होते, की कुणाचं तोंड न बघता माझं काम व्हावं. दोन्ही किल्ल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून मी बराच वेळ बघत बसले. मनासारखं सगळं झालं होतं आणि जेवावंसं वाटेना.

म्हणून तुझी किल्ली याच पाकिटात परत पाठवते आहे. नियम मोडून आली, नियम मोडून जाते आहे, फिटंफाट. मोजा ठेवून घेतलाय, त्याला उकळावं लागेल. पुढची आवृत्ती तयार आहे, पण ती दोन किल्ल्यांशिवाय निघणार नाही, आणि या वेळी मी टपालाने आलेली किल्ली घेणार नाही. पुन्हा खोका आला तर न उघडता परत जाईल, सांगून ठेवते.

रोज पत्रं येतायत, पुढची आवृत्ती कधी, नक्की तारीख सांगा. मी सगळ्यांना एकच उत्तर पाठवते, भाऊ यायचा आहे.

ताई